विझवलेली भट्टी

नव्या तापाची साथ आली तेव्हा आमच्या बेकरीत ज्याच्या त्याच्या कपाळाला तापच निघायचा. भट्टीसमोर राबणाऱ्याचं कपाळ गार कसं असेल? पहिल्या दिवशी घरोघर ताप तपासणारी नर्सबाई आम्हा सगळ्यांनाच वॉर्डाच्या गाडीत घालायला निघाली. मी म्हटलं, बाई, अशाने चुलीवरचा तवाही उचलून न्याल. तेव्हापासून रीत पडली. भट्टीवरून उठलेल्याने बाहेर बाकावर बसायचं, अंग निवलं की मग ताप मोजायचं यंत्र लावायचं.

त्या सकाळी मला खरीच कणकण होती. पीठ मळायलाही उठले नाही. नर्सबाई दिसली तसं हाताला पीठ फासलं आणि बाकावर जाऊन बसले. आत्ताच भट्टीवरून आलेय म्हटलं, पुढची गल्ली करून या. तोवर घेतलेली तापाची गोळी लागू पडली असती.

वॉर्डाला मी भीत नव्हते. भीत होते भट्टीसाठी. धाकट्या मुलाने वर्षभर विजेच्या ओव्हनचं टुमणं लावलं होतं. मी असेपर्यंत विस्तव विझणार नाही, असं सांगून मी त्याचं तोंड बंद केलं होतं. सासूने हाती दिलेला विस्तव तो. काम संपलं की निखारे राखेखाली झाकायचे, उठल्यावर फुंकायचे. नवरा गेला त्या दिवशीही मी तो राखला.

नर्सबाई वळली, आणि धाकटा दारातून म्हणाला, "सिस्टर, आई आज भट्टीकडे फिरकलीच नाही."

सून बाळाला पदराखाली घेऊन उभी होती. तिने मान खाली घातली. तो मला म्हणाला, घरात तान्हं आहे, समजून घे. घेतलं समजून. बोलला ते खोटं नव्हतं. गाडीत चढताना एवढंच सांगितलं, निखारे झाक. हो म्हणाला.

वॉर्डात रोज काचेपलीकडे येऊन उभा राहायचा. मी हातानेच फुंकर मारल्याची खूण करून विचारायचे, तो मान डोलवायचा. शेजारच्या खाटेवरच्या बाईला मी ऐकवायचे, पोरगा बघा कसा गुणाचा आहे.

सुटून घरी आले तर दारातच ओल्या सिमेंटचा वास. भट्टीच्या जागी पत्र्याचं चकचकीत कपाट, त्यावर लाल दिवा. काजळलेल्या विटा परसात रचून ठेवलेल्या.

"धूर नाही, राख नाही," धाकटा म्हणाला. "तुझ्या छातीलाही बरं."

"विस्तव कुणी विझवला?"

"मी."

"आणि गवंडी कधी ठरवलास?"

तो पत्र्यावरचा सिमेंटचा डाग खरवडू लागला. सुनेलाच राहवलं नाही. "आदल्या रात्री, आई. तुम्ही कण्हत होता तेव्हा."

"म्हणजे नर्सबाईच्या आधी गवंड्याला कळलं मला ताप आहे ते," मी म्हटलं. "मला पाणी हवं का, एवढं तरी विचारायचं होतंस."

तो लाल दिव्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई आली. सगळ्यांची कपाळं गार, काम झटक्यात झालं. आता बाकावर बसायला नको आजी, म्हणाली. मी बाकावरून उठले नाही. धाकट्याने नव्या ओव्हनातला पहिला पाव आणून माझ्याशेजारी ठेवला आणि उभा राहिला. वाफ जाईपर्यंत मी रस्त्याकडेच बघत होते. मग तो आत गेला.