घोंगड्यावरचा शब्द

आमचे हे आमदार झाले तरी गप्प बसायला शिकले नाहीत, ही सगळ्या जिल्ह्याची तक्रार. माझी तक्रार उलटी. सत्त्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर हे चांगले महिनाभर गप्प होते, आणि त्यानंच माझं डोकं फिरलं होतं.

झालं होतं असं, की दसऱ्याच्या आधी मंत्रीसाहेब आमच्या बिरोबाच्या माळावर माळढोक पक्षी बघायला आले. पक्षी दिसला नाही, मेंढरं दिसली. त्या माळावर अख्ख्या वाडीची मेंढरं चरतात, माझ्या धाकट्या भावाची, येडूचीही. माळाला तारेचं कुंपण घालायचं, आत पक्षी आणि बाहेर आम्ही, असा सरकारचा बेत. मेंढरांनी मग काय खायचं, वारा? येडूनं देवळापुढं आपलं घोंगडं अंथरलं, साहेबांना त्यावर बसवलं, आणि साहेबांच्याच पक्षाचे आमदार म्हणून ह्यांनी स्वतःच्या हातानं त्यांच्या कपाळाला भंडारा लावला. साहेब खुशीत आले. म्हणाले, "काळजी करू नका. तुमच्या एकाही मेंढराला कोणी अडवणार नाही."

आता, आम्हा धनगरांत घोंगड्यावर बसून, कपाळी भंडारा असताना बोललेला शब्द म्हणजे शपथ. त्याला साक्षीदार लागत नाही की सही लागत नाही. आणि त्या शब्दावर संशय घेणं म्हणजे खुद्द बिरोबाला खोटं पाडणं. पुढं चावडीवर सरकारी नोटीस लागली, कुंपणाला कोणाची हरकत असेल तर लिहून द्या म्हणून. वाडीतली माणसं ती ऐकून हसली. भंडारा लागलाय की, आता कसली हरकत? एकानंही अर्ज दिला नाही.

मी येडूला म्हटलं, "अरे, ते मंत्री हायत. धनगर न्हायत."

तर मलाच म्हणतो, "आक्का, सोलापुरात राहून तुजा देवावरचा इस्वास उडाला बघ."

साहेबांना बिचाऱ्यांना आपण कपाळाला काय लावून घेतलं ते कुठं ठाऊक होतं! हार, फेटा, नारळ, भंडारा, सगळं त्यांच्या लेखी एकच. उन्हात घाम पुसताना भंडाराही पुसून गेला असणार.

आणि आमचे हे? ह्यांना सगळं कळत होतं. तरी वाडीकडं फिरकले नाहीत, येडूशी बोलले नाहीत. नुसते भिंतीकडं बघत बसायचे.

सोलापुरात कुंपणावरच्या हरकती ऐकायची शेवटची सभा ठरली, त्या दिवशी सकाळीच सिद्रामप्पा आमच्या घरी आले. पक्षाचे जिल्ह्यातले जुने पुढारी, ह्यांना पहिलं तिकीट त्यांनीच मिळवून दिलेलं. माणूस वाईट नाही. पण वारा येईल तशी पाठ फिरवणारा.

"लेखी हरकत एकबी न्हाय," चहा बशीत ओतत ते म्हणाले. "तोंडी कोण बोलणार न्हाय. ठराव हुईल, साहेब जातील. तू सुम्ने बसायचं. गप. कळलं? फेब्रुवारीच्या इलेक्शनला तिकीट तुजंच."

"आन् बोललो तर?" ह्यांनी विचारलं.

"तुज्या जागंवर डोळा ठिवून दोघं जण रोज माज्या वसरीला बसत्यात. त्यांना मी काय सांगू?"

माझ्यानं राहवलं नाही. "आप्पा, मेंढरांनी काय खायचं वो?"

"बनाबाई, मेंढरं इकायची. पोरांनी गिरणीत लागायचं. जग बदललं की." त्यांनी बशी संपवली आणि निघाले.

मी ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "अवो, काय तरी बोला. माज्या भावाचं घर उठतंय."

"घोंगडं काढ," हे म्हणाले.

"थंडी वाजती व्हय?"

"काढ म्हटलं की."

माळावर साहेबांना बसवलेलं तेच घोंगडं येडूनं नंतर दाजींना मानानं दिलं होतं. त्यावर सांडलेल्या भंडाऱ्याचे पिवळे डाग मी धुतले नव्हते. ते घडी करून मी पिशवीत घातलं. ह्यांच्या मनात काय आहे ते विचारलं नाही, कारण उत्तर नको ते आलं असतं तर मी सभेला गेलेच नसते.

सभागृहात पुढं खुर्च्या, त्यावर अधिकारी आणि शहरातली मंडळी. मागं सतरंजीवर आमची वाडी, तांबड्या पटक्यांची. मी येडू आणि त्याची बायको मायाक्का यांच्याजवळ बसले. मायाक्काच्या मांडीवर नारळ होता. साहेबांनी शब्द पाळला म्हणून त्यांना द्यायला आणला होता तिनं. मंचावर साहेब मधोमध, बाजूला सिद्रामप्पा, आणि कडेच्या खुर्चीत हे, पायाशी पिशवी ठेवून.

अधिकाऱ्यांनी उभं राहून वाचलं, "लेखी हरकत एकही आलेली नाही. कोणाला तोंडी हरकत नोंदवायची असेल तर ही शेवटची संधी. एक जरी हरकत आली तरी आज ठराव होणार नाही, रीतसर चौकशी होईल. नाहीतर उद्यापासून कुंपणाचं काम सुरू होईल."

मी येडूला कोपरानं ढोसलं. "ऊठ. बोल."

"भंडारा लागलाय, आक्का," तो साहेबांकडं बघून हसत म्हणाला. "साहेब बोलतील की आता."

साहेब शेजारच्याच्या कानाला लागले होते. मी मंचाकडं बघितलं. हे खाली मान घालून पायाकडं बघत होते. त्या क्षणी मला ह्यांचा जेवढा राग आला, तेवढा उभ्या संसारात आला नव्हता. मी स्वतःच उठणार होते, तर येडूनं माझा दंड धरला. देवाला खोटं पाडायला बहीण निघाली होती ना!

"म्हणजे कोणाचीही हरकत नाही," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी पेन उघडलं.

तेव्हा हे उठले. पिशवी घेऊन मंचाच्या पायऱ्या उतरले, आणि मंच आणि वाडी यांच्या मधल्या मोकळ्या फरशीवर त्यांनी घोंगडं अंथरलं.

"हरिबा!" सिद्रामप्पा दबक्या आवाजात ओरडले.

ह्यांनी खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली. "साहेब, माळावर तुमी बोलला हुता, एकाबी मेंढराला अडवणार न्हाय. घोंगडं त्येच हाय. या, बसा, आन् त्येच परत बोला. मग मी गप."

आत्ता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्यानं भंडारा लावला, त्यालाच माणसाला घोंगड्यावर परत बोलवता येतं, दुसऱ्या कोणाला नाही. साहेब बसले तर सगळ्यांदेखत बांधले जाणार. नाही बसले तर शब्द त्यांनी मोडला, आणि विश्वास ठेवणारे हरकत घ्यायला मोकळे. बिरोबाचा दोष नाही.

साहेब हसले. "हरिबा, हे सभागृह आहे. देवळातली गोष्ट देवळात. आणि मी सहानुभूतीनं विचार करू, एवढंच म्हणालो होतो."

"बसून म्हणा, साहेब."

"आमदार, जागेवर जा."

"जातो. पक्ष्याशी आमचं भांडण न्हाय, साहेब. आज्यापणज्यापासनं त्यो तितंच हाय, आमीबी तितंच हाय. त्याला राखायचा आन् आमाला हाकलायचं, ही कुटली रीत? आमचीच माणसं इस्वासानं गप बसली, तर त्या गप बसण्याला तुमी होकार म्हणता? म्या तुमच्याच पक्षाचा हाय, म्हणून तुमाला तोंडावर इचारतो. येता का न्हाय?"

साहेबांचं हसू गेलं होतं.

"मी येणार नाही," ते म्हणाले. "पुढचं कामकाज घ्या."

माझ्या दंडावरचा येडूचा हात सुटला. मी वळून बघितलं. दुष्काळात डोळ्यांदेखत मेंढरं पडली तेव्हाही त्याचं तोंड असं झालं नव्हतं. त्याला लहानपणीसारखं पोटाशी धरावंसं वाटलं मला.

हे वाडीकडं वळले. "ऐकलं न्हवं समद्यांनी? भंडारा म्या लावला हुता, म्याच पुसतो. तुमी मोकळं." आणि मग परत मंचाकडं तोंड करून, मांडी घालून, स्वतःच घोंगड्यावर बसले. चिमूटभर भंडारा आपल्या कपाळाला लावला. "माझी हरकत लिवून घ्या."

अधिकाऱ्यांनी साहेबांकडं बघितलं, साहेबांनी घड्याळाकडं. सिद्रामप्पांनी कपाळ धरलं होतं. पण शेवटची संधी म्हणून सगळ्यांसमोर वाचून बसले होते ना! हे काही उठेनात, तेव्हा अधिकारीच कागद घेऊन खाली आले.

"नाव?"

"हरिबा गुंडा बंडगर."

"व्यवसाय..." अधिकारी स्वतःशीच पुटपुटत लिहू लागले, "आमदार."

"त्ये खोडा," हे म्हणाले. "मेंढपाळ लिवा."

"अहो, पण तुम्ही आमदार आहात."

ह्यांनी एकदा सिद्रामप्पांकडं बघितलं. "फेब्रुवारीत त्ये खोटं ठरंल. घोंगड्यावर बसून खोटं सांगता येत न्हाय."

येडू माझ्या शेजारून उठला आणि दाजींना खेटून घोंगड्यावर बसला. त्याच्या मागनं मायाक्का उठली. नारळ तिनं माझ्या मांडीवर ठेवला होता.