ऊब माळ्यावर गेली

शिंपीणबाईंच्या खोलीची मागची भिंत तव्यासारखी तापायची. पलीकडे बेकरीची भट्टी होती ना! घामाचे थेंब नव्या कापडावर पडायचे आणि गिऱ्हाइकं नाकं मुरडायची. बेकरीवाल्याशी बाईंचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. शेवटी त्यांनी इमारतीतल्या सगळ्यांची बैठकच बोलावली. भट्टी हलली पाहिजे, म्हणजे पाहिजेच!

"हलवून नेऊ कुठे? डोक्यावर घेऊन फिरू?" बेकरीवाला उखडला.

तेवढ्यात बाईंची सून उठली. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"भट्टी राहू द्या," ती म्हणाली.

झालं! घरातच घरभेदी निघाली, बाईंच्या मनात आलं.

"आई, ऊब वाईट नाही हो, चुकीच्या घरी आलीये. जंगलात एकाचं उष्टं दुसऱ्याचं पोट भरतं. इथे आपण खाली भाजतोय, आणि वर?"

"वर बाळाची दुपटी दोन-दोन दिवस वाळत नाहीत," तिसऱ्या मजल्यावरची बाळंतीण म्हणाली. "घरभर कुबट वास."

सुनेचा बेत साधा होता. तापणाऱ्या भिंतीपुढे वीतभर पोकळी सोडून दुसरी भिंत घालायची. तिला खाली झरोके ठेवायचे आणि वरून पत्र्याचा नळ थेट माळ्यापर्यंत न्यायचा. गरम हवा वर जाईल, तिथे सगळ्यांचे कपडे वाळतील.

"आणि दोऱ्यांवरून भांडणं झाली तर?" कुणीतरी विचारलं.

"मग पुन्हा असेच बसू. खुशाल भांडू, पण ठरवू मिळून."

"भिंत माझ्या खोलीत येणार," बाई सावकाश म्हणाल्या. "हातभर जागा माझी जाणार."

बाईंनी सुनेकडे पाहिलं. पोरीची नजर जराही ढळली नव्हती.

"जाऊ दे. मशीन सरकवते मी."

दुसऱ्या मजल्यावरच्या गवंड्याने भिंत घातली, विटा बेकरीवाल्याने दिल्या, आणि त्या वाहायला बाळंतिणीचा नवराही आला. भट्टी पेटली तशा खोलीतल्या चिंध्या झरोक्यांकडे सरपटू लागल्या. हवा खेळती झाली. माळ्यावर चादरी शिडासारख्या फुगल्या. बाळंतिणीने कोरडं दुपटं गालाला लावलं आणि तिथेच हसत बसली.

शेजारच्या इमारतीतले लोक बघायला आले. "डोकं कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"आमच्या इमारतीचं!" बेकरीवाला छाती फुगवून म्हणाला.

"इमारतीचं खरं," बाई सुनेच्या खांद्यावर हात टाकत म्हणाल्या, "पण सून माझी हो!"