पाठीवरची परात

सत्तरीच्या माणसानं भर अंगणात स्टूल फिरवत नाचू नये, एवढं तरी ज्याचं त्याला कळायला पाहिजे. आमच्या मालकांना कळत नव्हतं. सकाळचा चहा झाला की हौशीराम पैलवान एक पाय वर उचलून, स्टूल पुढं धरून "हू! हा!" करायचे. रस्त्यानं जाणारी धोंडाबाई थांबून मला विचारायची, "ठमाबाई, मालकांना बरं न्हाई का?"

हे वेड चिनी मारामारीच्या शिनेमांतून आलं. जुने शिनेमे, हिंदीत बोलणारे. बोलणं संपलं तरी माणसाचे ओठ मागून हलत राहायचे. सुनेनं, स्नेहलनं, तिचा जुना मोबाईल सासऱ्याला दिला. मायेनंच दिला, कारण माणूस घरातून हलेनासा झाला होता.

त्याला कारण बिबट्या. पिंपरी पेंढारात बिबट्या काही नवा नाही. उसात तो आणि घरात आपण, असंच चाललंय. पण संक्रांतीच्या सुमारास त्यानं आमचा मोत्या नेला, तो मालकांच्या खाटेखालून. मोत्या ओरडला नाही आणि मालकही ओरडले नाहीत. जत्रेतली शेवटची कुस्ती ज्याच्यावाचून लागायची नाही, तो गडी खाटेवर नुसता बसून राहिला. त्या दिवसापासून अंगणाच्या पलीकडं त्यांचं पाऊल पडलं नाही. गुडघा दुखतो म्हणायचे. मी रोज तेल चोळायची. गुडघ्यात काही नाही, हे चोळणाऱ्या हाताला कळतं.

आता आमच्याकडं रानात जाताना सगळे गळ्यात पट्टा घालतात, बाहेरून खिळे बसवलेला. बिबट्या मागून येतो आणि मानच धरतो, म्हणून. मुलगा गोरख घालतो, स्नेहल घालते. माझं डोरलं त्यात अडकतं, तरी मी घालते. मालकांचा पट्टा मात्र भिंतीलाच टांगलेला.

"पट्टा कुत्र्याला घालत्यात," ते म्हणायचे. "मी कुत्रं हाय का?"

"कुत्र्याला घातला असता तर कुत्रं तरी ऱ्हायलं असतं," मी म्हणाले.

जीभ माझी अशी. त्या दिवशी मालकांनी माझ्याकडं पाणीसुद्धा मागितलं नाही.

मला बिबट्याची भीती होतीच, पण त्याहून जास्त त्या खाटेची होती. आमचे थोरले दीर असंच गुडघ्याचं निमित्त करून खाटेवर बसले, ते परत उठले नाहीत. अंगणात स्टूल घेऊन नाचणं म्हणजे काही उठणं नव्हे.

एकदा लसूण सोलता सोलता मीही त्या मोबाईलमध्ये डोकावले. आपल्या शिनेमातला हिरो एक बुक्की मारतो आणि दहा जण उडतात, त्याचा भांगसुद्धा मोडत नाही. हा गडी बुक्की मारायचा आणि स्वतःचाच हात झटकून त्यावर फुंकर घालायचा. टेबलाखाली लपायचा. मारामारी ऐन रंगात आली की याचा डोळा भाताच्या वाडग्यावर. शेवटी छातीला कढई बांधून उभा राहिला, तेव्हा समोरचे गुंडसुद्धा हसले.

"कसला ह्यो हिरो," मी म्हणाले. "भित्रा हाय नुसता."

"भित्राच हाय," मालक म्हणाले. "पर बघ की, जात न्हाई सोडून." आणि त्यांनी तोच भाग परत लावला.

शिमगा जवळ आला होता. गोरख आणि स्नेहल कळंबला लग्नाला गेले होते. मी धोंडाबाईकडं कुरडया घालत होते. दुपार कलली आणि लाईट आली, तसा लांबून आमच्या विहिरीवरच्या मोटरीचा आवाज कानावर आला. गोरख मोटरीचं ऑटो बटण बंद करायला विसरला होता. लाईट आली की मोटर आपली आपण चालू. आणि पाणी सगळं जाणार कांद्यात. कांदा काढणीला आलेला, त्यात आता पाणी बसलं की सडलाच. चिकानं भरलेले हात तसेच घेऊन मी घरी पळाले.

खाट रिकामी. अंगणात स्टूल नाही. मांडणीवर माझी पितळी परात नाही. भिंतीवरचा पट्टाही नाही.

माझा पट्टा समोर टांगलेला होता, तो घ्यायचं सुचलं नाही. तशीच निघाले.

मी पोचेपर्यंत मोटर बंद झाली होती. विहिरीच्या अलीकडं बांधावर मालक उभे. गळ्यात पट्टा, पाठीवर उपरण्यानं बांधलेली माझी परात, हातात स्टूल. मी हसणार, तेवढ्यात त्यांची नजर माझ्या गळ्यावर गेली.

"तुजा पट्टा कुठाय, ठमे?"

मी काही बोलायच्या आत ऊस हलला. वारा नव्हता. बांधाच्या पलीकडच्या टोकाला तो आला आणि उभा राहिला, गोठ्यातल्या कालवडीएवढा लांब. आमच्याकडं बघू लागला.

मालक सरकले. मागं नाही, माझ्या पुढं. स्टुलाचे पाय त्याच्याकडं केले. त्यांची पाठ माझ्या नाकासमोर होती आणि ती थरथरत होती. पट्ट्याचे खिळे परातीला लागून टिणटिण वाजत होते.

"वाजव," ते हळूच म्हणाले.

"काय वाजवू?"

"परात गं!"

हातात काही नव्हतं. मी पायातली चप्पल काढली आणि नवऱ्याच्या पाठीवर हाणायला सुरुवात केली. मालक "हू! हा!" करत एक पाऊल पुढं गेले, ओल्या सरीत घसरले आणि स्टुलासकट आडवे झाले. उठले. परत घसरले. परत उठले, चिखलानं तोंड माखलेलं, स्टूल पुढं. मी बडवतेच आहे. बिबट्यानं सगळं बघून घेतलं, येड्यांच्या नादाला लागू नये तसं तोंड फिरवलं आणि उसात शिरला.

आम्ही पाठ न दाखवता मागं मागं रस्त्यापर्यंत आलो. आवाज ऐकून शेजारच्या रानातला कुंडलिक चारपाच जणांना घेऊन काठ्यांसकट पळत येत होता.

"काय झालं, पैलवान?"

आता हे मिशीला पीळ देणार, नाहीतर गप बसणार, असं मला वाटलं.

"लई भ्यालो, कुंडलिका," मालक म्हणाले. "पाय लटलट कापत व्हतं. इचार हिला."

"अन् एवढं वाजत काय व्हतं?"

"बायको चपलीनं मारत व्हती, राव!"

सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं मालक हसले, चिखलाचं तोंड वर करून. माणसांत उभं राहून हसलेले ते मी संक्रांतीनंतर पहिल्यांदा बघितले. माझ्या छातीवरचं जातं उतरलं. डोळ्यांत पाणी आलं, ते चिकाच्या हातानंच पुसलं.

घरी आल्यावर ते सवयीनं खाटेकडं वळले. मी आडवी उभी राहिले.

"अवो, ऐका. जत्रंत कुस्त्या मारायचात तवा गावाला आवडायचात. मला न्हाई. आज मला आवडलात. पट्टा जागंवर लावा, उद्या परत घालायचाय. अन् ती परात चिच लावून घासून द्या. गुडघ्याला तुमच्या काय बी झालेलं न्हाई."