पारेहुइयाचा बडगा

लुटायला येणार म्हणून कोरा म्हातारीनं सकाळपासून घर मांडायला घेतलं होतं. चांगल्या चटया पुढे, फाटक्या मागे. सुकवलेल्या शार्कच्या माळा दारावर, लांबून दिसतील अशा. डुकरीण खुंटाला बांधलेली.

"बंदूक कुठंय?" तिनं पुतण्याला विचारलं. "तीही ठेव बाहेर. शोधायला लावू नको लोकांना. उद्या म्हणतील, कोराच्या पुतण्याकडं लुटण्याजोगं काही नव्हतंच."

पोकाईनं बंदूक आणून चटईवर ठेवली आणि परत दाराशी जाऊन बसला.

कुणाला हसू येत असेल तर येवो, पण मुरू, म्हणजे आमच्याकडची ही रीतीची लूट, अशीच असते. तुमच्या हातून मोठी चूक झाली, कुणाचं माणूस गेलं, की त्या माणसाचे नातलग येतात, तुमच्या अंगातून एकदा रक्त काढतात आणि घर धुऊन नेतात. तुम्ही हूं की चूं करायचं नाही. आणि कुणी आलंच नाही, तर मात्र खुशाल तोंड लपवावं. तुम्ही कुणाच्या खिजगणतीतही नाही, असा त्याचा अर्थ.

पोकाईच्या हातून गेली होती ती त्याचीच पोर, हिनेकुरा. वारा फिरलेला दिसत असताना या शहाण्यानं नदीच्या मुखावरच्या लाटांत होडी घातली. होडी उलटली. तो पोहून आला, आणि पोर पुढच्या भरतीला वाळूवर आली.

येणार होते ते पोरीच्या आईच्या माहेरचे, आणि त्यांच्या पुढे पोरीचा मामा, तौरुआ. त्यानं निरोप धाडला होता, 'चटया बाकीच्यांनी न्याव्यात. मी मेहुण्याचा जीव न्यायला येतोय.' रक्त काढणं वेगळं आणि जीव घेणं वेगळं, हे त्यालाही कळत होतं. पण भाला हातात आणि राग डोक्यात असला की दोहोंत बोटभर अंतर राहतं. तौरुआचा हात कसा आहे, ते सगळ्या किनाऱ्याला ठाऊक होतं.

पोरीची आई, पारेहुइया, चुलीच्या छपराखाली नेच्याची मुळं कुटत बसली होती. लुटायला आले तरी पाहुणेच ते, त्यांना खाऊ घालावं लागतं. दगडावर मूळ ठेवायचं आणि बडगा हाणायचा. दुखवट्यात शिंपल्यांनी चिरून घेतलेल्या तिच्या दंडांवर खपल्या होत्या, आणि दर घावाला त्यातली एखादी उकलत होती. पोर पुरल्यापासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. विचारायचं होतं तिला. शेवटी काय झालं, पोर भ्यायली का, मला हाक मारली का. ते एकट्या पोकाईला माहीत होतं. पण तोंड उघडलं तर आपण त्याचा गळाच धरू, ही तिला भीती. आणि आज तो मेला तर पोरीचं ते शेवटचं त्याच्याबरोबर मातीत जाईल, ही त्याहून मोठी भीती.

"मेला तर बरंच होईल," असं ती म्हातारीला म्हणाली होती. तरी सकाळपासून तिचे डोळे नदीकडेच लागले होते.

ऊन वर आलं तशा दोन लांब होड्या वाळूला लागल्या. तोंडाला कोळसा फासलेले उघडेबंब गडी उतरले, ओळीनं उभे राहिले आणि पाय आपटत गर्जायला लागले. जीभ बाहेर, डोळे पांढरे. खुंटाची डुकरीण दोरीला हिसडे द्यायला लागली.

आलेल्याला, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या त्याच्या पूर्वजांनाही, घरच्या बाईनं हाक घालावी लागते. पारेहुइया उठली आणि तिनं हाक घातली, "हाएरे माई! या, तुमची मेलेली माणसं सोबत घेऊन या." नवऱ्याला मारायला निघालेल्या भावाला 'या' म्हणताना बाईचा आवाज कसा निघत असेल, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

तौरुआ भाला घेऊन पुढे आला.

"ऊठ, दाजी. पोरीला पाण्यात टाकून पोहता तर छान येतं तुला. उभं राहता येतं का बघू."

पोकाई आपला लांब लाकडी सोटा घेऊन उभा राहिला. भाल्याचा पहिला वार पोटावर आला, तो त्यानं उडवला. दुसरा मांडीवर आला, तोही उडवला. लहानपणापासून घोटलेला हात, मन नसलं तरी तो आपलं काम करतो.

"हात बरे आहेत की," तौरुआ म्हणाला. "मग तिला धरायला कुठं गेले होते?"

पोकाईनं सोटा टाकून दिला.

"उचल."

"नको."

"उचल म्हणतो ना, भाड्या."

"मार तू. पुष्कळ झालं आता."

तौरुआनं भाला बाजूला टाकला आणि कमरेचा दगडी पातू उपसला. हातभर लांबीचं ते हत्यार कानशिलावर नीट बसलं की कवटी मडक्यासारखी उघडते. पोकाईनं मान थोडी कलती केली, त्याला सोपं जावं म्हणून. पारेहुइयाला त्याचा चेहरा दिसला. दिवसभराची मोट उतरवून ठेवणाऱ्या हमालाचा असतो तसा चेहरा होता तो.

आणि तिचं डोकं फिरलं. हा सुटणार. हा मरून मोकळा होणार, पोरीचं सगळं घेऊन जाणार, आणि मी जन्मभर इथं मुळं कुटत बसणार. ती हातातल्या बडग्यासकट धावली. पहिला घाव त्याच्या दंडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो गुडघ्यावर आला, तसा दुसरा घाव तिनं सरळ कपाळावर घातला. कातडं फाटून रक्त डोळ्यांत उतरलं. तिसऱ्याला हात उचलला तेव्हा कोरानं मागून तिच्या कमरेला मिठी मारली.

 पुरुषाचं डोकं म्हणजे त्याच्या पूर्वजांची जागा. त्याला नुसता हातसुद्धा लावायचा नाही, अन्नाचा स्पर्श तर मुळीच होऊ द्यायचा नाही, हे आमच्याकडं रांगत्या पोरालाही कळतं. आणि इथं बायकोनं, तेही अन्नाला लागलेल्या वस्तूनं, चुलीपाशी मुळं कुटायच्या बडग्यानं ते फोडलं होतं. बघायला जमलेले पोकाईचे भाऊबंद खाली मान घालून उभे राहिले. कुणाला वर बघवेना.

"पारे, हे काय केलंस?" तौरुआनं उगारलेला पातू खाली घेतला.

"रक्त काढलं. बघ, वाहतंय. मी आई आहे तिची, दादा. मामाच्या आधी माझा हक्क."

"बाजूला हो. मी संपवतो त्याला."

"संपव की. घरी जाऊन काय सांगशील? बाईनं चुलीपुढच्या बडग्यानं डोकं फोडलेला माणूस मी मारला, असं?"

"ये मागं, तौरुआ," त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला. "त्याच्यात मारण्याजोगं काही उरलं नाही आता."

ते पोकाईनं ऐकलं. भाल्यापुढे न डगमगलेला तो गडी वाळूत तोंड खुपसून रडायला लागला.

मग लूट झाली, आणि मनसोक्त झाली. डुकरिणीचा गळा तिथंच चिरला. रताळ्यांचा खड्डा तळापर्यंत उपसला, छपराचं लव्हाळं ओढून काढलं, होडीचा तळ कुऱ्हाडीनं फोडला. बंदुकीवरून दोघं आपसांत भिडले आणि एकाचे पुढचे दात गेले. कोराला मात्र कुणी खायलाही मागेना. अशा घरचं शिजवलेलं कोण खाणार?

निघताना तौरुआ बहिणीपाशी आला.

"चल घरी."

"नाही."

"या माणसापाशी काय राहिलंय आता?"

"एक राहिलंय," ती म्हणाली.

होड्या गेल्यावर ती पोकाईजवळ बसली. चटईची पट्टी फाडून त्याचा मोडका हात छातीशी बांधला.

"मरू का नाही दिलंस?" त्यानं विचारलं. "याहून ते बरं होतं."

"तुला बरं होतं. मला सांग, शेवटी काय झालं?"

तो खाली बघत म्हणाला, "तिच्या गळाला मासा लागला. दिवसातला पहिला. पहिला मासा समुद्राचा, मी म्हटलं सोड त्याला. ती म्हणाली, आईला जिवंत दाखवते, मग सोडते. मी ठेव म्हणालो. वारा फिरला होता, दिसत होतं मला. पण ती सारखी म्हणत होती, बाबा लवकर, मरेल तो. म्हणून घातली होडी लाटांत."

"भ्यायली?"

"मासा सोडेना. दोन्ही हातांनी धरून बसली होती. मी हात दिला, तिला तो घेता आला नाही."

पारेहुइयानं तोंडावर पांघरुणाचं टोक दाबलं. "कुणाला सांगितलंस हे?"

"नाही. लोक म्हणाले असते, पोरीनंच समुद्राचा घास ठेवून घेतला. त्यापेक्षा माझी चूक म्हणोत."

खाली वाळूवर कोरा एकटीच सांडलेली रताळी वेचत होती.

"केवढा होता मासा?" पारेहुइयानं विचारलं.

दाखवायला त्यानं हात उचलला. दुसरा उचलेना. तिनं आपला तळवा त्याच्या तळव्यासमोर धरला.

"आणखी," तो म्हणाला. तिनं हात थोडा लांब नेला.

"अजून थोडा."