नव्वद मिलीलिटर

खोलीला खिडकी नव्हती. असती तरी मी उडी मारून पळाले नसते, पण बाहेर आमची बस उभी आहे की गेली एवढं तरी दिसलं असतं. चार पांढऱ्या भिंती, सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सीलबंद बाटल्यांनी भरलेला घरघरणारा फ्रिज, टेबलामागे मिशीवाले साहेब आणि कोपऱ्यात संडासाचं दार. त्या दारापाशी जॅकेटवाली.

ही जॅकेटवाली शेवटची शिट्टी वाजल्यापासून माझ्या मागे लागली होती. उपांत्य सामना आम्ही एक-शून्यने जिंकलो होतो. विभागीय स्पर्धेच्या फायनलमध्ये आमच्या देशाचा बायकांचा संघ पहिल्यांदाच पोचला होता. चौदा वर्षं मी या संघात आहे, चार वेळा उपांत्य फेरीतून रडत घरी गेले आहे. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून किंचाळत होत्या, कुणीतरी माझे केस ओढत होतं, आणि तेवढ्यात ही बाई माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "कॅप्टन, तुमची चिठ्ठी निघाली. उत्तेजक चाचणी. आता चाचणी होईपर्यंत मी तुम्हाला नजरेआड करायचं नाही."

तेवीस जणींमधून एक चिठ्ठी काढायची, आणि निघाली कुणाची? नशीबच फुटकं, दुसरं काय!

नियम सोपा होता. एका कपात नव्वद मिलीलिटर लघवी द्यायची आणि सुटायचं. ती देईपर्यंत खोली सोडायची नाही, फोन नाही, सोबत फक्त आपली डॉक्टर. नव्वद म्हणजे चहाचा एक लहान कप. मी एरवी पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचं काम करते. दिवसाला दोनशे घरांचं पाणी माझ्या नजरेखालून जातं. नव्वद मिलीलिटर तर आमच्या खात्यात गळतीतसुद्धा धरत नाहीत.

पण मला होत नव्हती. खरं सांगायचं तर मी होऊ देत नव्हते.

परवा सकाळी हॉटेलच्या बाथरूममध्ये नळ मोठा सोडून, दाराला कडी घालून मी एक पट्टी बघितली होती. तिच्यावर दोन रेघा होत्या. सहा वर्षं मी आणि नवऱ्याने दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या. एकदा दिवस गेले होते, तेही दहाव्या आठवड्यात संपलं. त्यानंतर सासूबाईंनी विचारायचं सोडलं आणि आम्ही बोलायचं. मी ठरवून टाकलं, आता फुटबॉल एके फुटबॉल, ही शेवटची स्पर्धा खेळायची आणि मग बघू. आणि नेमक्या या आठवड्यात त्या दोन रेघा! मी बाथरूमच्या फरशीवर बसून हसले, मग तोंडात टॉवेल कोंबून रडले. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही, तो क्रेन चालवतो, तासाभरात तिथल्या सगळ्या क्रेन ड्रायव्हरांना कळलं असतं.

मला दोन्ही हवं होतं. मूल हवं होतं आणि फायनलही हवी होती. फायनल आता तीन दिवसांवर होती. तेवढे तीन दिवस तोंड बंद ठेवायचं, एवढाच माझा बेत होता. आमच्या करारात बारावं कलम आहे, गरोदर खेळाडूला संघात ठेवता येत नाही. कुणाला कळलं की त्याच दिवशी घरी.

आणि आता हे लोक माझी लघवी तपासणार होते. पट्टीला जे दोन मिनिटांत कळलं, ते यांच्या एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेला कळणार नाही? आमच्या ड्रेसिंग रूममध्ये तर सगळ्या हेच सांगायच्या. मागच्या स्पर्धेत दुसऱ्या एका संघाच्या गोलकीपरला चाचणीनंतर तडकाफडकी घरी पाठवलं होतं. तिला दिवस गेले होते आणि ते लघवीत निघालं, असं आमची मालीशवाली शपथेवर सांगायची.

तेव्हा मी दाबून बसले.

समोरच्या संघातून त्यांच्या नऊ नंबरची चिठ्ठी निघाली होती. हरून आलेली, डोळे सुजलेले. दोन बाटल्या पाणी प्यायली, हुंदके देत आत गेली आणि पाचव्या मिनिटाला कप घेऊन बाहेर आली. मला तिचा हेवा वाटला. जाताना माझ्यासमोर थांबून म्हणाली, "फायनल जिंका हं. म्हणजे चॅम्पियनकडूनच हरलो, असं घरी सांगता येईल."

"बघते," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

पहिला तास गेला. साहेबांनी कागदावर वेळ लिहिली. "पाणी प्या, पण बेताने. फार प्यायलात तर नमुना पातळ होतो. पातळ चालत नाही, पुन्हा द्यावा लागतो."

म्हणजे पिऊनही पंचाईत, न पिऊनही पंचाईत. पोटाखाली आता दगड ठेवल्यासारखं झालं होतं. जॅकेटवाली मला तीनदा आत घेऊन गेली. जर्सी छातीपर्यंत वर, चड्डी गुडघ्यापर्यंत खाली, आणि ही बाई हाताची घडी घालून समोर. कपातून कुणी फसवाफसवी करू नये म्हणून बघायचंच असतं म्हणे. तिन्ही वेळा मी दातओठ खाऊन कोरडी बाहेर आले.

"लाजू नका हो," ती म्हणाली. "मी शाळेत खेळ शिकवते. मुलींच्या सहली नेऊन नेऊन मला कशाचंच काही वाटत नाही."

"मला वाटतं ना!" मी खेकसले. बिचारीचा काय दोष? पण मला त्या क्षणी सगळ्यांचाच राग आला होता. तिचा, साहेबांच्या मिशीचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

दुसरा तासही गेला. डॉक्टरबाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर विणकाम करत बसल्या होत्या. आठ वर्षं त्या संघाबरोबर आहेत. माझ्या घोट्यात दोनदा, गुडघ्यात एकदा सुई त्यांनीच घातली. ते दहाव्या आठवड्यातलं झालं तेव्हा शिबिरातून दवाखान्यात मला त्यांनीच नेलं, आणि नवरा पोचेपर्यंत माझा हात धरून त्याच बसल्या होत्या. दर सामन्याआधी त्या खेळाडूंची यादी घेतात आणि एकेका नावापुढे 'तंदुरुस्त' लिहून सही करतात. ती सही नसेल तर मैदानात पाऊल ठेवता येत नाही.

"काय गं, अजून नाही?" त्या म्हणाल्या. "बस खोळंबली आहे. पोरी म्हणतात, ताईशिवाय हलायचं नाही. डोकी कोण मोजणार?"

बस सुटायच्या आधी डोकी मोजायचं काम कॅप्टनचं. मी दर वेळी स्वतःला मोजायला विसरते. बावीस भरतात, मी घाबरते, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते. मग अख्खी बस ओरडते, "ताई, स्वतःला मोज!" मी कॅप्टन झाल्यापासून हाच तमाशा चालला आहे.

साहेबांनी घसा खाकरला. "कॅप्टन, घाई नाही. पण नमुना न देता इथून बाहेर पडलात तर तो नकार धरतात. नकार म्हणजे दोषी. चार वर्षं बंदी."

दिलं तर पकडली जाणार, नाही दिलं तर चोर ठरणार. आणि दोन्हीकडून उद्याच्या पेपरात फोटो! घरी नवरा वाचणार, सासूबाई वाचणार, मी मीटर वाचते त्या दोनशे घरांतले लोक वाचणार. काय करावं सुचेना. पोट फुटायला आलं होतं, आणि त्या फ्रिजची घरघर डोक्यात शिरत होती. आता एकच माणूस मला यातून सोडवेल असं वाटलं.

मी डॉक्टरबाईंना फ्रिजच्या कोपऱ्यात ओढलं. जॅकेटवालीला दिसत होतो, पण त्या घरघरीत तिला ऐकू गेलं नसतं.

"डॉक्टरबाई, मला दिवस गेलेत."

त्यांच्या हातातली विणकामाची सुई थांबली.

"यांना लघवीत कळेल. तुम्ही काहीतरी करा. फॉर्मवर काहीतरी लिहा, एखादं औषध लिहा. फायनलपर्यंत कसंही करून लपवा, पाया पडते तुमच्या!"

त्यांनी एकदा जॅकेटवालीकडे बघितलं. मग इतक्या हळू बोलल्या, की मला पुढे वाकावं लागलं. "अगं वेडे, हे लोक ते बघतच नाहीत. बायकांच्या चाचणीत गरोदरपण तपासतच नाहीत. कुणी सांगितलं तुला हे?"

"ती गोलकीपर..."

"ती खोकल्याच्या औषधात सापडली होती!"

मला आधी काही कळलंच नाही. मग एकदम हलकं वाटलं. सुटले! गुपचूप कप भरून दिला असता तर दोन तासांपूर्वीच सुटले असते. मी हसायला लागले. डॉक्टरबाई हसत नव्हत्या. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांच्याकडे बघता बघता माझं हसू थांबलं. पकडणारं कुणीच नव्हतं. मीच माझ्या तोंडाने, संघातल्या नेमक्या त्या एकाच बाईला सांगून बसले होते, जिची सही लागते.

"तुम्ही ऐकलंच नाही असं समजा," मी म्हटलं.

"कसं समजू?"

"तीन दिवस फक्त. आज नाही का खेळले? काही झालं का?"

"आज मला माहीत नव्हतं." त्यांनी विणकाम पिशवीत कोंबलं. "माहीत नसतं तर फायनललाही सही केली असती. सरळ केली असती गं. पण मागच्या वेळी तुझा हात मी धरला होता. तू काय ओरडत होतीस ते मी ऐकलं आहे. आता मला सही करायला सांगू नकोस."

"चौदा वर्षं, डॉक्टरबाई."

"माहीत आहे."

"एकदा तरी फायनल..."

"माहीत आहे गं, बाई." त्यांनी माझा हात धरला, त्या वेळी धरला होता तसाच. मला तो झटकून टाकायचा होता. झटकला नाही. "कोचला तू सांग. रात्रीच्या जेवणाआधी सांग. तू नाही सांगितलंस तर मला सांगावं लागेल, आणि ते मला नको आहे."

मी वळून जॅकेटवालीला म्हटलं, "चला."

एका मिनिटात कप भरला. जॅकेटवाली टाळी वाजवायचीच बाकी होती. साहेबांनी कप उजेडात धरून बघितला, दोन बाटल्यांत ओतला, सील लावलं, फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "एकशे चाळीस! अहो, मग इतका वेळ काय झालं होतं?" मग बोटाने एक रकाना दाखवला. "या प्रक्रियेबद्दल काही तक्रार असली तर इथे लिहा."

रकाना चांगला चार ओळींचा होता. मी 'नाही' लिहून सही केली.

बाहेर अजून ऊन होतं. बस तिथेच उभी होती. मी चढले तशा सगळ्या एकदम तुटून पडल्या. "काय ताई, विहीर खणत होतीस का आत?" "अगं, मीटर वाचणारीचंच मीटर बंद!" आमची सगळ्यात लहान विंगर चिमणी, जिने आजचा गोल मारला होता, मला मिठी मारून म्हणाली, "फायनलला तू मागे असलीस की मला कसली भीती नाही बघ." मी तिच्या डोक्यावर टपली मारली.

डॉक्टरबाई पुढच्या सीटवर बसल्या. मांडीवरच्या पिशवीतून फायनलची यादी अर्धी बाहेर आली होती.

मी मोजायला लागले. एकेकीच्या डोक्याला बोट लावत मागेपर्यंत गेले आणि परत आले. बावीस भरल्या. मी थांबले. घाबरले नाही, पुन्हा मोजायला लागले नाही. फायनलला मैदानात जाणाऱ्या बसमध्ये एवढ्याच असणार होत्या.

"ताई, स्वतःला मोज!" अख्खी बस ओरडली.

डॉक्टरबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. रात्रीच्या जेवणाला अजून दोन तास होते.

"तेवीस," मी म्हटलं, आणि ड्रायव्हरने गाडी काढली.