दोनशे साठ तास

"पायलटाचा सदरा म्हनं! खांद्यावर पट्ट्या आन् बगलंत भोकं. ह्याला इस्त्री मारू का ठिगळ लावू?"

आत्याबाई, माझ्या सासूबाई, तांब्यात निखारे भरून शर्टावरून फिरवत होत्या आणि पुटपुटत होत्या. मी हातभर अंतरावर भाकरी थापत होते, पण ते मला म्हणून नव्हतं. आमच्या घरात खरं बोलायचं ते असंच, भांड्याशी नाहीतर कपड्याशी.

शर्ट माझ्या दिराचा, कानिफनाथचा. तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या फ्लाइंग क्लबातून विमान चालवायचं लायसन घेऊन तो राहात्याला आला, तेव्हा वस्तीवर हलगी वाजली होती. तेव्हापासून मोठमोठ्या विमान कंपन्यांना अर्ज चालले आहेत. विमान चालवल्याचे त्याचे तास दोनशे साठ. कंपन्यांना हवेत हजार.

"मग चालव की आजून," मामंजी, माझे सासरे, म्हणायचे.

"इमान कुठंय, आबा?"

"कंपनीत."

"कंपनी हजार तासांबिगर उभं करीत न्हाई."

"आरं, मग पयल्या पायलटाला कुनी उभं केलं हुतं?"

कानिफ पुढचा अर्ज लिहायला घ्यायचा. याचं उत्तर कंपन्यांकडेही नसावं.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, आपला अर्ज फायलीत ठेवला आहे. कानिफने ते मराठीत सांगितलं मात्र, मामंजींनी त्याच संध्याकाळी पेढे वाटले. "फायलीला लागला म्हंजे झालंच की! मामलेदार कचेरीत कागद फायलीला लागस्तवर जोडे झिजत्यात मानसाचे." पेढे गावाच्या पोटात गेले, ते परत कोण मागणार? पुढची पत्रं आली तसतसा कानिफ ती वाचायचा, घडी घालायचा आणि म्हणायचा, "बघू म्हनत्यात." आम्ही माना डोलवायचो. मान डोलवून डोलवून माझी मान दुखायला लागली होती.

यंदा भाद्रपदात उसावर पाकोळीची कीड पडली आणि कारखान्याने फवारणीला विमान आणलं. कानिफ सायकल मारत त्यांच्या मुरमाच्या धावपट्टीवर गेला. फवारणीवाल्यांनी त्याचे कागद बघितले. उसाला घासून, तारा चुकवत विमान न्यायचं, त्याला तास आणखी जास्त लागतात, म्हणाले. मग विचारलं, झेंडा धरतोस का?

औषध कुठे पडलं आणि कुठे राहिलं, ते वरून कळत नाही. म्हणून शेताच्या कडेला एक माणूस पांढरा झेंडा उंच धरून उभा राहतो. विमान त्याच्या डोक्यावरून गेलं, की त्याने वीस पावलं सरकायचं आणि पुन्हा उभं राहायचं. दिवसभर.

घरी येऊन कानिफ एवढंच म्हणाला, "कारखान्याच्या इमानावर लागलो." मामंजींनी तेवढंच पारावर सांगितलं. बाकीचं गावाने आपल्या मनाने समजून घेतलं. पंधरा दिवस तो लांबच्या गावांची शेतं मागून घेत होता. सकाळी पट्ट्यांचा शर्ट घालून जायचा, संध्याकाळी त्याला औषधाचा उग्र वास यायचा. आत्याबाई आणि मी तो शर्ट तीन पाण्यांतून काढायचो. विमानात बसणाऱ्याच्या अंगावर औषध पडत नाही, एवढं आम्हा दोघींना कळत होतं. पण नीळ घालू का, यापलीकडे आम्ही बोललो नाही.

आज पाळी आमच्याच शिवाराची होती. आणि कालच पाचवं पत्र आलं होतं.

"भाऊजी, आजच्या दिस खाडा करा की," मी भाकरी वाढत म्हटलं.

"मानसं कमी हायेत, वयनी."

"आन् कालचं पत्र?"

"बघू म्हनत्यात." त्याने वर पाहिलं नाही.

काठवट उचलून आपटावी असं वाटलं. किती बघणार, आणि कोण कोण? मामंजी खोकले, पटका गुंडाळत म्हणाले, "पाटाचं पानी बघून येतो." विमान ज्या दिशेला येणार होतं, त्याच्या बरोबर उलट दिशेला गेले.

कानिफ गेला आणि घटकाभरात शेजारची रंगुबाई चार बायका घेऊन दारात. हातात नारळ. "छबूबाई, चला! लेक डोक्यावरनं उडत जानार, ववाळाया नगं व्हय?"

आत्याबाई आता डोकं धरून बसतील, असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर खोचला, ताम्हनात दिवा ठेवला आणि निघाल्या.

बांधावर आम्ही पोचलो तोच विमान आलं. इतकं खालून, की वाऱ्याने दिवा विझला. बायकांनी हात जोडले. रंगुबाई नारळासकट हात हलवत ओरडली, "ये कानिफ! आगं बया, बघितलं का? हात केला त्यानं!"

समोरच्या बांधावर झेंडा उभा राहिला. खाली पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. विमान त्याच्यावरून गेलं आणि मागे औषधाचं धुकं उतरलं, उसावर आणि त्याच्यावर. त्याने दंडाला डोळे पुसले, पावलं मोजत सरकला आणि पुन्हा उभा राहिला. आता तोंड आमच्याकडे होतं. आम्हाला त्याने पाहिलं होतं, ते मला एवढ्या लांबूनही कळलं. काठी किंचित डुगडुगली. पण विमान वळून परत येत होतं. काठी सरळ झाली.

"त्यो झेंडेवाला कोन गं?" एक जण खिदळली. "पट्ट्या लावून उभाय, जनू त्योच सायब!"

सगळ्या हसल्या. "आसंल कारखान्याचा मानूस," मी म्हटलं. आणि माझीच मला चीड आली.

आत्याबाईंनी ताम्हन माझ्या हातात दिलं.

"वर नगा बघू गं," त्या म्हणाल्या. शर्टाशी बोलत होत्या त्याच आवाजात, पण आता बायकांकडे तोंड करून. "इमानात दुसराच हाय कुनी. झेंडा धरलाय त्यो माजा कानिफ. पाच कंपन्यांनी न्हाई म्हनलं त्याला. आता कुनी घ्यायचं न्हाई."

रंगुबाईचा नारळाचा हात खाली आला. विमान पुन्हा डोक्यावर आलं आणि गेलं.

"भागिरथी, काडी वढ," आत्याबाई मला म्हणाल्या. "ववाळाया आलोय न्हवं आपुन?"