पिवळ्या वाफ्यातला निळा गुलाब

"हा इथे कुठून आला?" दोन्का म्हणाली.

स्वयंपाकघरात मिन्चोशिवाय कोणी नव्हतं आणि तो कॉफी उतू जाऊ नये म्हणून भांड्यावर डोळा ठेवून उभा होता. प्रश्न आपल्याला आहे की बायकोच्या हातातल्या गेमला, हे त्याला कळेना. म्हणून तो कॉफी ढवळत राहिला.

दोन्काने स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. तिच्या बेटावर, समुद्राकडच्या बाजूला, पिवळ्या गुलाबांच्या वाफ्यात एक निळा गुलाब उमलला होता. जांभळट नव्हे, राखाडी झाक असलेला नव्हे, अगदी निळा. रंगाच्या बाबतीत तिला कोणी फसवू शकत नव्हतं. आमच्या गाब्रोवो गावात कापड गिरण्या चालत होत्या तेव्हा तिने रंगखात्यात तपासनीस म्हणून उभी नोकरी काढली होती. उत्तरेकडच्या खिडकीत उभं राहायचं, सुताची लडी नमुन्याशी लावायची आणि छटा जरा हललेली दिसली की सगळा माल परत पाठवायचा. रंगारी तिच्या पाठीमागे तिला 'चेकनाका' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

गेल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला, तेव्हा वार्नाला राहणाऱ्या मुलीने, वेनेताने, हा गेम पाठवला होता. एक बेट, त्यावर आपलं घर, शेजारी बोलणारी जनावरं. घाई कसलीच नाही. जनावरांशी दोन्काचं दोन दिवसांत बिनसलं, पण गुलाबांनी तिला धरून ठेवलं. गेममधल्या दुकानात लाल, पांढरा, पिवळा एवढंच बी मिळे. बाकीचे रंग आपण जोड्या लावून काढायचे. शेजारी शेजारी लावायचं, झारीने पाणी घालायचं आणि दुसऱ्या दिवशी मधल्या मोकळ्या जागेत काय उगवलंय ते पाहायचं. केशरी लवकर आला, जांभळाही आला. निळा मात्र भल्याभल्यांना येत नाही. त्यासाठी केशरी आणि जांभळ्याच्या पोटी आलेला लालच हवा. दुकानातल्या बियांचा लाल दिसायला अगदी तसाच असतो, पण त्याच्या पोटात निळा नसतो. दोन्काने हे दोन लाल ओढ्याच्या दोन काठांना वेगळे ठेवले होते.

आणि निळा उगवला होता पिवळ्यांत. दुकानातल्या बियांच्या पिवळ्यांत.

"मिन्चो, निळा गुलाब आलाय."

"आला का? छान झालं," मिन्चो म्हणाला. कपात कॉफी ओतून त्याने तिच्यापुढे ठेवली, खांद्यावर हात ठेवला आणि बाल्कनीत निघून गेला.

दोन्का त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. हिवाळाभर या माणसाने तिची टिंगल केली होती. 'बाई, त्या गुलाबांचा मुरंबा कधी घालणार?' 'बाई, बाहेर खरी माती पडलीय, तिला पाणी घाल की.' आज निळा गुलाब आला, तर छान झालं म्हणतो आणि खांद्यावर हात ठेवतो.

तिने कॉफी पिता पिता विचार केला. गुलाब आपोआप उगवलेला नव्हता, कोणीतरी आणून लावला होता. बाहेरचा माणूस त्याच्या यंत्रावरून बेटावर येऊ शकतो, पण त्यासाठी विमानतळाचं फाटक आतून उघडावं लागतं आणि ते फक्त याच यंत्रावरून उघडतं. यंत्र घराबाहेर गेलेलं नाही. रविवारी दुपारी ती खालच्या मजल्यावर सेव्दाकडे बसायला गेली होती. परत आली तेव्हा यंत्र ओट्यावर पालथं पडलं होतं. ती ते नेहमी उताणं ठेवते. तेव्हा तिला वाटलं होतं, मिन्चोने ओटा पुसला असेल. पण मिन्चो ओटा पुसत नाही.

दुपारी तिने बानित्साचं, चीजचे थर घालून भाजायच्या पोळीचं, पीठ मळायला घेतलं. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात असताना तिने बाल्कनीकडे तोंड करून हाक मारली.

"अरे, जरा इकडे ये. त्या गेमचं फाटक उघडं राहिलंय वाटतं, बघतोस का? माझे हात भरलेत."

"कुठेय?" मिन्चो आला. टेबलावरचं यंत्र त्याने दोन्ही हातांत नीट धरलं आणि गेममधली तिची बाहुली सरळ किनाऱ्याकडे, विमानतळाकडे नेली. तिथल्या खिडकीमागच्या पक्ष्याच्या प्रश्नांना त्याने बटणं दाबत उत्तरं दिली.

"बंदच आहे की," तो म्हणाला.

"बरं," दोन्का म्हणाली आणि पीठ मळत राहिली.

टीव्हीचा रिमोट अजून उलटा धरणारा माणूस. त्याला कोणीतरी फोनवर बसून शिकवलं होतं आणि शिकवणारं माणूस एकच होतं, वेनेता.

तिला आधी राग आला तो टिंगलीचा म्हणून. दोघांनी मिळून आपल्याला मूर्ख बनवलं. मग वाटलं, टिंगल असती तर एव्हाना मिन्चोला हसू आवरलं नसतं. मग यांना काहीतरी हवंय. गाब्रोवोच्या माणसाने फुकट काही दिलं, तर आधी आपले खिसे चाचपावेत, असं आमच्याकडे म्हणतात. वेनेता कधीपासून मागे लागलीय, फ्लॅट विका आणि वार्नाला या. मिन्चोला फितवलं असेल. फूल देऊन आईला मऊ करायचं आणि मग विषय काढायचा.

तिने हात धुतले आणि वेनेताला फोन लावला.

"आई, बोल ना," वेनेता म्हणाली. पहिल्याच रिंगला. कामाच्या वेळात ती कधी फोन उचलत नसे.

"निळा गुलाब आलाय."

"खरंच? अगं, किती छान. फोटो पाठव हं. बघ, आला ना शेवटी. तुझी एवढी इच्छा होती." वेनेताचा आवाज चढाच होता, पाहुण्यांशी बोलताना काढतात तसा. "आता जरा आराम कर. जेवतेस ना नीट?"

"फ्लॅट मी विकणार नाही."

"फ्लॅट? फ्लॅटचं कोण म्हणालं? तुम्ही तिथेच राहा आई. तुला हवं तिथेच राहायचं."

इतकी वर्षं फ्लॅटवरून भांडणारी मुलगी हवं तिथे राहा म्हणत होती. वेनेताही मऊ, मिन्चोही मऊ. मिन्चोने परवा चांगल्या दुकानातली लुकान्का, वाळवलेलं महागडं सॉसेज, आणली होती आणि तिच्याच ताटात जाड काप वाढले होते. भांडण करून महिना होत आला असेल. एवढ्या मोठ्या संसारात असा महिना तिला आठवत नव्हता.

"तो गुलाब तू लावलास," ती म्हणाली.

"आई, मी कशाला—"

"वाफा चुकलाय. पिवळ्यात तो येत नाही. तू लावलास आणि तुझ्या बापाने फाटक उघडलं. का लावलास ते विचारत नाही मी. मला एवढंच सांग, तुला घाई कसली होती?"

पलीकडे वेनेताने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मी आपणहून काढला असता," दोन्का म्हणाली. "या हिवाळ्यात नाही तर पुढच्या वर्षी. माझं काही अडलं नव्हतं. घाई तुला झाली. का?"

"आई, मी शनिवारी येते," वेनेता कसंबसं म्हणाली. फोन बंद झाला.

दोन्का टेबलाशी बसली. पीठ ओल्या फडक्याखाली मुरत होतं. आता तिला काही जुळवायला लागलं नाही, सगळं आपण होऊन जुळत गेलं. महिन्यापूर्वी पोटाची तपासणी झाली त्या दिवशी डॉक्टर तिला म्हणाला होता, साधी गाठ आहे, बघू. मग त्याने मिन्चोला आत बोलावलं होतं. ती बाहेर कोट सांभाळत बसली होती. मिन्चो बाहेर आला तेव्हा तिने विचारलं होतं, इतका वेळ काय करत होतास? तो म्हणाला होता, डॉक्टर मासेमारीचं विचारत होता, कुठल्या तलावात मासे लागतात ते. मिन्चोने जन्मात गळ धरलेला नव्हता. हे तिला तेव्हाही माहीत होतं. गिरणीत असा धागा तिने कधी पास केला नसता. तो दिवस मात्र तिने पास केला होता आणि कोट घालून घरी आली होती.

मिन्चो गॅरेजमध्ये होता. तिथे तो भाजीच्या बरण्यांची झाकणं निवडत बसतो. ती दारात उभी राहिली.

"तुला मासे कुठे लागतात माहितेय का?" तिने विचारलं.

त्याने वर पाहिलं. तिच्या तोंडाकडे पाहिल्यावर त्याच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि ते उचलायला तो वाकला नाही.

"वेनेताने सांगितलं?"

"गुलाबाने सांगितलं. तुम्ही दोघं काय सांगणार."

"डॉक्टर म्हणाला सांगू नका," मिन्चो म्हणाला. "धीर सुटतो म्हणाला."

"कुणाचा?"

तो बरण्यांच्या खोक्यावर बसला आणि गुडघे धरून राहिला. "ऑपरेशन होणार नाही म्हणाला. औषध देऊन बघू म्हणाला, सलाईनमधून. आम्ही ठरवलं होतं तुला म्हणायचं, ताकदीचं औषध आहे. ताकदीसाठी. वेनेता म्हणाली, आईला तो निळा गुलाब दिसू दे. मी म्हटलं, तिला कळेल. ती म्हणाली, नाही कळणार बाबा, फूल ते फूल."

"आणि तू ऐकलंस."

"मला दुसरं काय देता येत होतं?" तो म्हणाला.

तिला ओरडायचं होतं. घरातून इथवर येताना शब्दही तयार होते. पण त्याच्या शर्टाची बटणं एक घर चुकून लागली होती, बहुधा सकाळपासूनच. तिने पुढे होऊन ती सोडवली आणि नीट लावली.

"ताकदीचं औषध म्हणे," ती म्हणाली. "मी बाटलीवरचं वाचलं नसतं?"

"तेही मी तिला म्हटलं होतं."

संध्याकाळी तिने बेटावर जाऊन फावड्याने निळा गुलाब उपटला. फेकायला हात झाला नाही. रंग खरोखर चांगला होता. तिने तो टपालाने वेनेताच्या बेटावर पाठवला आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं, 'तुझा आहे, तू ठेव. माझा मी काढीन.' मग ती ओढ्याच्या पलीकडच्या लालांकडे गेली आणि झारी घेतली. मिन्चो मागे उभा राहून पाहत होता.

"यांत आणि त्यांत फरक काय?" त्याने विचारलं.

"दिसायला काही नाही."

"मग तुला कसं कळतं?"

"मी लावलेत," ती म्हणाली. "बस इथे. रोज सगळ्यांना पाणी घालायचं. मी दवाखान्यात असेन तेव्हा तू घालायचं. आणि काठ चुकवायचा नाही."

तो बसला. तिने यंत्र त्याच्या हातात दिलं. त्याने पहिल्याच खेपेला रोपट्याऐवजी वाळूवर पाणी ओतलं आणि तिने बोटाने त्याला रोप दाखवलं.

शनिवारी वेनेता सकाळच्या बसने आली. दारातच रडायला लागली, तेव्हा दोन्काने तिला आधी तोंड धुवायला पाठवलं. मग दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या.

"पहिल्यापासून सांग," दोन्का म्हणाली. "आणि तो आवाज काढू नकोस, पाहुण्यांसमोरचा."

वेनेताने सांगितलं. कुठे आहे, कुठवर पसरलंय, औषध कसं देतात, केस जातात का, औषधाचा उपयोग किती जणांना होतो आणि किती जणांना होत नाही. मध्ये ती अडखळली की दोन्का म्हणे, पुढे. एखादं वाक्य गुळमुळीत झालं की म्हणे, हे परत सांग, नीट. एकदा तिने मुलीचा हात धरला, तो बऱ्याच वेळाने सोडला. सोमवारी पहिलं औषध होतं. आत मी जाणार आणि डॉक्टर जे बोलेल ते माझ्याशी बोलेल, असं तिने सांगितलं. वेनेताने मान हलवली.

मिन्चोला आत बसवेना. तो बाल्कनीत भोपळी मिरच्या भाजत होता. हिवाळ्याची बेगमी करायचे दिवस होते आणि सगळ्या इमारतीच्या बाल्कन्यांतून तोच जळका गोड वास येत होता. भाजलेल्या मिरच्या तो बादलीत टाकत होता आणि निवायची वाट न पाहता सोलत होता. बोटं लाल झाली होती.

दोन्का बाहेर आली आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली. आतून वेनेताने नळ सोडल्याचा आवाज आला.

"झालं बोलून?" मिन्चोने विचारलं. मान वर केली नाही.

"झालं."

त्याने आणखी एक मिरची सोलली, परातीत ठेवली. दोन्काने ती उचलली, उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली आणि त्याच्यापुढे परत ठेवली.

"देठापाशी साल राहिलंय," ती म्हणाली.

मिन्चोने मिरची घेतली आणि राहिलेलं साल काढायला लागला.